मुंग्या, मखमल आणि मी

मित्रांनो, मी एक जुने हँडल आहे. सायकलचेच हँडल, पण तुमच्या शाळेच्या सायकलला असते तसे सरळसोट नव्हे. पुढे वाकून खाली वळलेले, मेंढ्याच्या शिंगांसारखे. शर्यतीच्या सायकलींना अशी हँडले असतात. माझी सायकल आता थकून मोडीत गेली आणि मी एका टेलरच्या दुकानात भिंतीवर येऊन बसलो. माझ्या एका शिंगावर मोजायच्या टेपा लोंबतात, दुसऱ्यावर अर्धवट शिवलेले कोट. नवे गिऱ्हाईक मला खुंटी समजते. समजू दे बापडे. खुंटीने काही अडीचशे किलोमीटरची शर्यत मारलेली नसते. मी मारली आहे, आणि तीच गोष्ट आज तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. आधी मी एक सरळ, चकचकीत नळी होतो आणि त्या सरळपणाचा मला भारी अभिमान होता. मग एका यंत्राने मला दोन्ही टोकांना पकडले आणि असे काही वाकवले की माझा सगळा ताठा तिथेच उतरला. यंत्रावरच्या बाईंनी मला डोळ्यांसमोर धरले, एक डोळा मिटून दोन्ही शिंगे सारखी आहेत का ते पाहिले आणि "झकास!" म्हणून बाजूला ठेवले. आयुष्यातली ती माझी पहिली शाबासकी. दुसरी मिळायला फार वर्षे लागली, म्हणून ही जपून ठेवली आहे.

सायकल जोडताना माझी सीटशी गाठ पडली. सीट कातड्याची, लांब नाकाची आणि भलतीच मानी. लोक तिच्यावर बसतात आणि मला नुसते धरतात, याचा तिला केवढा तोरा! हिच्याशी आपले जमायचे नाही हे मी पहिल्याच दिवशी ओळखले. पण एकाच सायकलवर नशीब बांधलेले. करता काय?

आम्हाला घेतले ते एका टेलरबाईने. सगळी गल्ली तिला ताई म्हणे, म्हणून मीही ताईच म्हणतो. दुकान तिच्या सासऱ्यांचे. ते कापड बेतायचे आणि कापायचे. त्यांना सगळे मास्तर म्हणत. ताई शिवायची. तिचे यजमान इस्त्री करायचे आणि जेवणाच्या सुट्टीत डुलकी काढायचे. मोठा प्रेमळ माणूस. त्यांच्या प्रेमाने मला पुढे किती छळले ते येईलच.

ताईने वर्षानुवर्षे पायमशीन चालवली होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाय खालीवर, खालीवर. तिच्या पोटऱ्या अशा घट्ट झाल्या होत्या की तिने पहिल्यांदा पायडल मारले तेव्हा साखळी कुरकुरली. सायकल घेतली होती तयार कपडे घरोघर पोचवायला. पण कपडे पोचवून ही बाई सरळ दुकानात परत येईना. "एवढा पूल ओलांडून येते," म्हणायची आणि पुलापलीकडचा डोंगर चढून यायची. मशीनवर पाय कितीही चालवले तरी माणूस जागच्या जागीच राहतो. इथे मात्र प्रत्येक फेरीला झाडे मागे पडत, घरे मागे पडत. ताई हसायची, आणि ते हसू तिच्या बोटांतून मला कळायचे.

हो, मित्रांनो, हँडलाशी बोटे बोलतात. पकड घट्ट झाली, सैल झाली, घाम फुटला, भीती वाटली, सगळे मला आधी कळते. ताईची बोटे तर फार बोलकी होती. कापडावरून फिरून फिरून त्यांना बारीक बारीक गोष्टींची सवय. माझ्या अंगावर कुठे ओरखडा आहे, हे ती न बघता सांगू शकली असती.

आमच्या शहरात दरवर्षी लांब पल्ल्याची सायकल शर्यत असे. उजाडताना निघायचे, अडीचशे किलोमीटर तुडवायचे आणि दिवस मावळायच्या आत परत यायचे. पहिला कोण आणि दुसरा कोण, याचे तिथे फारसे कौतुक नव्हते. जो उजेडात पोचला तो जिंकला. जो अंधारात पोचला त्याला नुसता चहा.

ताईने नाव दिले. अर्धी वाट मजेत गेली. मग तिची करंगळी गप्प झाली. मला वाटले, दमली असेल. थोड्या वेळाने करंगळीच्या शेजारचे बोटही गप्प. मग उरलेल्या बोटांत मुंग्या धावू लागल्या, आणि हळूहळू दोन्ही तळहात माझ्यावर नुसते ओझे होऊन पडले. ताईने दात आवळले, मूठ आणखी आवळली आणि तशीच पुढे निघाली. डोंगराच्या मोठ्या उतारावर तिने ब्रेक दाबायला बोटे उचलली, तर ती उचलेचनात. ताईने घाबरून पाय घासले, कशीबशी कडेच्या गवतात सायकल घातली आणि उतरली. मग तो सगळा उतार ती मला कोपरांनी ढकलत चालत आली. आम्ही पोचलो तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते. आम्हाला चहा मिळाला. तो कपही तिला दोन्ही तळव्यांत दाबून धरावा लागला.

खरी धास्ती पुढेच होती. काही दिवसांनी ती एका पांढऱ्या शर्टाला बटणे लावत बसली होती. मी दाराशी टेकून उभा होतो.

"सूनबाई, हे रक्त कुणाचं?" मास्तरांनी विचारले.

"कुठलं रक्त, बाबा?"

"कॉलरवर बघ."

ताईने पाहिले. मग स्वतःच्या करंगळीकडे पाहिले. सुई बोटात रुतलेली होती आणि तिला पत्ताच नव्हता. इस्त्री करता करता यजमान थांबले. ज्या हातांवर ते घर उभे होते, त्या हातांना सुई कळत नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी हात उलटेसुलटे करून पाहिले. "तळहाताच्या कडेने एक नस जाते, ती दाबली गेलीय. विश्रांती द्या, बोटं येतील ताळ्यावर. पण दरवेळी असंच होऊ दिलंत, तर पुढे बोटांतला जोरच जाईल. सायकलवर हातांवरचा भार कमी करा."

बोटे खरेच ताळ्यावर आली. पण मास्तरांनी सुनेला समोर बसवले.

"हे बघ, तुझी हौस मला कळते. मी काही राक्षस नाही. पुढच्या वर्षी एकदा जा. हात शाबूत राहिले तर आयुष्यभर चालव सायकल, मी चकार शब्द काढणार नाही. पण परत बधिर झाले, तर सायकल विकायची. बोल, कबूल?"

"कबूल, बाबा," ताई म्हणाली. म्हणाली खरी, पण माझ्यावर टेकलेली तिची मूठ आवळली गेली. आणि मित्रांनो, खोटे कशाला सांगू, मीही धास्तावलो.

आता भार कमी करायचा म्हणजे काय? डॉक्टरीणबाई बरोबरच बोलल्या होत्या. पण टेलरच्या घरात कुठल्याही दुखण्यावर एकच औषध: अस्तर. खांदा पडका असेल तर आत पॅड घाला, छाती बसकी असेल तर कापूस भरा. यजमानांनी हौसेने माझ्यावर कापसाची एक गादी शिवली. फरक पडला नाही. मग त्यावर कोटाच्या खांद्यात घालतात त्या स्पंजाचा थर चढला. मग मास्तरांनी स्वतः बेतून वर निळी मखमल चढवली, आणि तिलाही बारीक टाक्यांची किनार. थंडीत आजीने गुंडाळलेल्या बाळासारखी माझी अवस्था झाली. रस्त्यातले सायकलवाले हसू लागले.

"ताई, हँडल आहे की लोड?"

माझी लाज मी गिळली. पण एवढे करूनही ताईचे हात आधीपेक्षा लवकर बधिर होऊ लागले. मला त्याचे कारण कळत होते. मी जितका जाड झालो, तितकी मला धरायला मूठ जास्त आवळावी लागे, आणि मूठ आवळली की नस आणखी दाबली जाई. शिवाय सगळा भार होता तिथेच होता, आता फक्त मखमलीवर होता. पण मला तोंड नाही. मी आपला फुगत राहिलो. प्रत्येक फेरीनंतर यजमान उत्सुकतेने विचारायचे, "आता बरं वाटलं ना?" आणि त्यांचे मन मोडवत नाही म्हणून ताई म्हणायची, "जरासं." की लगेच आणखी एक थर.

शर्यत जवळ आली आणि ताईचा धीर सुटत चालला. सायकलसाठी गिऱ्हाईक बघायला हवे, असे तिने एकदा स्वतःहूनच यजमानांना सांगितले. त्या दिवशी तिने मला पुसलेही नाही.

मग एका दुपारी एक वकीलसाहेब नव्या कोटाची ट्रायल द्यायला, म्हणजे कच्च्या शिवणीचा कोट अंगावर चढवून बघायला आले. एका बाहीचा कोट घालून ते आरशासमोर उभे राहिले. पाठीवर, कॉलरच्या खाली, चांगली जाड सुरकुती पडली होती. साहेब म्हणाले, "इथे थोडं कापून टाका की."

मास्तर हसले. "साहेब, सुरकुती दिसते तिथे कात्री लावली तर कोट वाया जाईल. ती ओढली कुठून जातेय ते बघायचं." त्यांनी ताईला खूण केली. ताईने खांद्याची शिवण उसवली, कापड बोटभर वर घेऊन टाचण्या लावल्या, आणि मानेखालची सुरकुती नाहीशी झाली. हे काम तिने हजारदा केले असेल. पण त्या दिवशी शेवटची टाचणी तिच्या ओठांतच राहिली. ती वळली आणि माझ्याकडे टक लावून बघू लागली.

"अहो," ती यजमानांना म्हणाली, "सायकल इकडे आणा बरं. आणि घट्ट धरा."

"आत्ता? साहेबांचा कोट..."

"आणा म्हणते ना!"

ती सायकलवर बसली. माझ्यावरच्या स्वतःच्या तळहातापासून तिने नजर फिरवायला सुरुवात केली. तळहातावरून मनगटावर, मनगटावरून कोपरावर, कोपरावरून खांद्यावर, पाठीवरून कमरेवर. मग ती खाली उतरली आणि सीटसमोर उभी राहिली. मास्तरांची लाकडी मीटरपट्टी तिने सीटवर आडवी न ठेवता लांबीने ठेवली, सीटला चिकटवून, तिच्या मागच्या टोकापासून पार माझ्याजवळपर्यंत. मग खिशातले दोऱ्याचे रीळ काढून पट्टीवर सोडले.

रीळ गडगडत आले आणि माझ्या मखमलीवर येऊन आपटले.

सगळे बघतच राहिले. सीट नाक खाली करून बसली होती! म्हणजे ताई वर्षभर क्षणाक्षणाला पुढे घसरत होती, आणि घसरणारे सगळे अंग दोन हातांनी मागे रेटत होती. हात दुखत होते, पण ओढ सीटची होती.

"हिचं नाक खाली कुणी केलं?" ताईने विचारले.

यजमानांनी इस्त्रीकडे बघितले, छताकडे बघितले. "अगं, गेल्या शर्यतीच्या आधी तूच म्हणाली होतीस ना, सीट टोचते? म्हणून मीच पान्याने जरा... जरासंच."

"जरासंच?" मास्तर म्हणाले. "अरे, ही सीट नाही, घसरगुंडी आहे! सुनेला घसरगुंडीवर बसवलंस आणि वर्षभर आपण बापलेक पुढे मखमल लावत बसलो!"

ताईला हसू फुटले. मग यजमानांना. मग मास्तरांना असे हसू आले की त्यांना स्टुलावर बसावे लागले. आरशासमोरून वकीलसाहेब म्हणाले, "आणि माझ्या दुसऱ्या बाहीचं काय?" तेव्हा कुठे सगळे भानावर आले.

माझ्या मनात काय झाले असेल, तुम्हीच ओळखा. वर्षभर सगळा ठपका माझ्यावर! आणि ती मानी सीटबाई मागे मख्ख बसलेली! मी तिला चार शब्द सुनावणार होतो. पण खरे सांगायचे तर तिचाही दोष नव्हता. जशी ठेवली तशी ती राहिली होती. म्हणून मी दोनच सुनावले.

सायकल दुरुस्तीवाल्या काकांनी सीट सपाट केली आणि मला दोन बोटे वर उचलून बसवले, म्हणजे ताईला फार वाकावे लागू नये. यजमानांनी माझ्यावरचे थर स्वतःच्या हाताने उसवले. जरा हिरमुसले होते, पण मखमलीची टाचण्यांसाठी सुरेख उशी झाल्यावर खुलले. माझ्या अंगावर आता एकच पातळ पट्टी राहिली. किती दिवसांनी मला वारा लागला!

तरी सवय जाईना. भीती वाटली की ताईची मूठ आवळली जायची. मग ती स्वतःलाच बजावायची, "अगं, मशीनखाली कापड कसं धरतेस? दाबतेस का? नुसतं वळवतेस ना?" मग कोपरे सैल व्हायची, बोटे मोकळी व्हायची. थोडा वेळ ती मला वरच्या सपाट भागावर धरी, थोडा वेळ ब्रेकच्या मुठींवर, थोडा वेळ खालच्या शिंगांवर. एकाच जागी हात ठेवून बसणे तिने सोडून दिले. तिची करंगळी मैलोन्‌मैल माझ्याशी बोलू लागली.

आणि शर्यत आली. उजाडताना निघालो. सपाट रस्ता सरला, नदीकाठ सरला, ऊन चढले. ताई पाणी प्यायली की हात बदलायची, वळण आले की हात बदलायची. मी मनातल्या मनात गात होतो.

मोठा डोंगर चढून आम्ही माथ्यावर आलो. पुढे तोच उतार होता. आणि नेमक्या त्या क्षणी तिच्या डाव्या करंगळीत एक मुंगी चालली. एकच, पण मला कळली. माझ्या अंगावर काटा आला असता, हँडलाला येत असता तर. ऊन कलायला लागले होते. मागून माणसे येत होती आणि उतारावर सुसाट निघून जात होती. मी म्हटले, ताई आता मूठ आवळणार.

ताईने ब्रेक लावला आणि ती खाली उतरली.

तिच्या मागून येणारा एक सायकलवाला ओरडला, "ताई, थांबू नका! दिवस चाललाय!"

"दिवस जाऊ दे, दादा," ताई ओरडून म्हणाली. "बोटं नको जायला!"

ती माथ्यावर उभी राहिली. हात खाली सोडून झटकले, खांदे फिरवले, मनगटे हलकेच मागेपुढे वाकवली. अंगठा एकेका बोटाला लावून पाहिला. तर्जनी, मधले, त्याच्या शेजारचे. करंगळीला तिने परत परत लावला. तेवढ्यात किती सायकली गेल्या, मी मोजल्या नाहीत. मला ते बघवेना. मग ती पुन्हा बसली, हात माझ्यावर ठेवला, आणि करंगळीने माझा जुना ओरखडा चाचपला. बोटे बोलत होती! सगळीच्या सगळी!

आणि मग आम्ही तो उतार उतरलो. काय सांगू तुम्हाला! वळण आले की ब्रेक हलकेच दाबला जाई, वळण सरले की सुटे. जिथे गेल्या वर्षी ती कोपरांनी मला ढकलत चालली होती, तिथून आम्ही वाऱ्याला मागे टाकत गेलो. पायथ्याशी ताई मोठ्याने ओरडली. शब्द नव्हते, नुसती आरोळी. शेतातल्या माणसांनी माना वळवून पाहिले.

शेवटचा टप्पा कठीण होता. समोरून वारा आणि डावीकडे उतरत चाललेला सूर्य. पायमशीनवर घडलेले पाय तेव्हा कामाला आले. माथ्यावर आम्हाला टाकून गेलेल्या कितीतरी सायकली आम्ही मागे टाकल्या. काहीजण हात झटकत होते, काहीजण तळहात तोंडाने फुंकत होते. "मूठ सैल सोडा, दादा! कोपरं वाकवा!" असे ताई प्रत्येकाला सांगत गेली.

सूर्याची जेमतेम एक कड उरली होती तेव्हा शेवटची कमान दिसली. ताई ताठ बसली आणि तिने माझ्यावरचे दोन्ही हात उचलून आभाळात उंच केले. तिचे अंग पुढे घसरले नाही, तोल गेला नाही. मित्रांनो, तुम्ही असले काही रस्त्यावर करायचे नाही, सांगून ठेवतो. पण माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा विजय हाच, की तो झाला तेव्हा मला कोणी धरलेलेच नव्हते.

गर्दीतून यजमान धावत आले, त्यांच्यामागे मास्तर. पोरांसारखे दोघांचे चेहरे झालेले. पण यजमानांना हसायचा धीर होईना. "हात?" त्यांनी विचारले. "हात कसे आहेत?"

ताईने उघड्या बोटांचे सायकलचे हातमोजे काढले. तिने दोन्ही तळहात त्यांच्या गालांवर ठेवले. दहाही बोटे. क्षणभर तिने डोळे मिटले.

"अहो," ती म्हणाली, "दाढी टोचतेय तुमची."

"टोचतेय?" यजमान म्हणाले. "खरंच टोचतेय?" आणि मग ते गर्दीकडे वळून ओरडले, "टोचतेय म्हणते! बाबा, टोचतेय म्हणते!" कोणाला काही कळले नाही, पण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत पुसला. मग ते सायकलजवळ आले, माझ्यावर थाप मारली आणि म्हणाले, "शाबास रे गड्या!"

सायकल विकायचे नाव त्या घरात पुन्हा कोणी काढले नाही. पुढे कित्येक वर्षे ताई त्या शर्यतीत उतरली आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडून काजे करायला बसली.

मित्रांनो, तुमचे हात कधी तरी कुरकुर करतील. सायकलवर करतील, लिहिताना करतील, तासन्‌तास एकाच जागी बसून खेळताना करतील. तेव्हा दात आवळून पुढे जाणाऱ्याला शूर म्हणू नका. जरा थांबा, मूठ सैल करा, बसायची जागा नीट आहे का ते बघा, आणि मुंग्या पुन्हा पुन्हा आल्या तर घरी मोठ्यांना सांगा, डॉक्टरांना दाखवा. आणि घरात कोणाचे हात दुखत असतील तर त्यांनाही कधी कधी विचारा. स्वतःहून ते सांगत नाहीत. माणसांचे हात गप्प झालेले मी पाहिले आहेत, आणि पुन्हा बोलू लागलेलेही पाहिले आहेत. त्या बोलण्याहून गोड आवाज मी अजून ऐकलेला नाही.